मुक्कामी गाडी

माझी आत्या एसटीच्या आगारात ३२ वर्षं नोकरी करून निवृत्त झाली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती वेळापत्रकांच्या टेबलावर होती. कुठली फेरी किती वाजता सुटेल, चहाला कुठे थांबेल, जेवणाला कुठे, रात्री कुठल्या गावी मुक्कामाला राहील, हे सगळं कागदावर बसवायचं. आता तिचं वय ७१. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून जिना चढताना कठडा धरते. बाकी खणखणीत.

नोव्हेंबरअखेर आई, बाबा आणि आत्या अशा तिघांना घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जायचं मी ठरवलंय. आई ७३ वर्षांची, बाबा ७८. मुलाची दहावी असल्यामुळे बायकोला येता येणार नाही, म्हणजे गाडी चालवणारा मी एकटा. न्यूझीलंडच का, तर तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवायची असते, आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं, आणि रस्त्यांवर गर्दी नसते. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवणार आहे. तो वर्षभर चालतो आणि गाडी भाड्याने देणारे कधीकधी मागतात.

दोन रविवार बसून मी बारा दिवसांचा आराखडा तयार केला. आत्या आमच्याकडे राहायला आली होती. रात्रीची जेवणं झाल्यावर टेबल पुसून मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला आणि पेन्सिल मागून घेतली. त्यानंतर जे बोलणं झालं ते इथे लिहितोय. घरच्या वयस्कर माणसांना परदेशी न्यायचं म्हणणाऱ्या प्रत्येक घरात तिकिटं काढण्याआधी एकदा हे बोलणं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आत्या: पहिल्या दिवशी काय लिहिलंयस? ‘सकाळी ११ ख्राइस्टचर्च, गाडी ताब्यात, संध्याकाळपर्यंत टेकापो.’ टेकापो किती लांब?

मी: सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तीन तास. रस्ता सरळ आहे अगं.

आत्या: आणि तू विमानात किती तास बसलेला असशील?

मी: मुंबई ते सिंगापूर साडेपाच, मग सिंगापूर ते ख्राइस्टचर्च दहा. मध्ये थांबणं वेगळं.

आत्या: तिथे सकाळचे ११ म्हणजे आपल्याकडे किती?

मी: पहाटेचे साडेतीन. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं.

आत्या: म्हणजे पहाटे साडेतीनला, रात्रभर खुर्चीत बसून आलेल्या, अनोळखी देशात पाऊल ठेवलेल्या चालकाला तू तीन तासांची ड्यूटी लावतोयस. मागे तीन म्हातारी माणसं बसवून. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी परत पाठवला असता. रस्ता सरळ असला की झोप लवकर लागते.

मी: मग एक रात्र ख्राइस्टचर्चला काढू.

आत्या: दोन. पहिल्या रात्री कुणालाच झोप लागणार नाही. गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घे. तोवर पायी फिरू, बाग बघू.

ख्राइस्टचर्चची बोटॅनिकल गार्डन शहराच्या मधोमध, एव्हन नदीच्या वळणात आहे. रस्ते सपाट, बाकं भरपूर. तिने ‘२ रात्री’ असं लिहून त्याभोवती गोल काढला. तिथून बाकीचा कागद डळमळायला लागला, कारण माझ्या आराखड्यात कुठेच दोन रात्री नव्हत्या. बारा दिवस आणि नऊ हॉटेलं. माउंट कूक, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, मग हास्ट खिंडीतून पश्चिम किनारा, फ्रान्झ जोसेफ हिमनदी, आर्थर्स पास आणि परत ख्राइस्टचर्च.

आत्या: नऊ वेळा बॅगा उघडायच्या, नऊ वेळा बांधायच्या. तुझ्या आईला नव्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो ते कळायला एक दिवस लागतो. रात्री उठल्यावर दिव्याचं बटण कुठे, हे कळायला दुसरा. तिसऱ्या दिवशी तिला ती खोली आपली वाटते. तू तिला पहिल्याच दिवशी उचलतोयस.

मी: आत्या, माझंही ऐक. तिकिटांना किती पैसे पडतायत ते तुला माहीत आहे. एवढं लांब पुन्हा जाणं व्हायचं नाही. बाबांना ७८ चालू आहे. आज ते चालतायत, फिरतायत. पुढच्या वर्षी काय असेल कुणी सांगावं? जाणारच आहोत तर जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवावं. फ्रान्झ जोसेफ राहिली, मग ती कायमचीच राहिली.

आत्याने पेन्सिल खाली ठेवली.

आत्या: हे खरं बोललास. तुला भीती वाटतेय. म्हणून बारा दिवसांत तू सगळं कोंबतोयस.

मी गप्प बसलो. ती खोटं बोलत नव्हती.

आत्या: मलाही वाटते भीती. दादा माझा भाऊ आहे. पण असं बघ, तो थकला असेल तेव्हा तू त्याच्यासमोर हिमनदी ठेवलीस काय आणि बर्फाची लादी ठेवलीस काय. त्याला गाडीतून उतरावंसंच वाटणार नाही. तो म्हणेल, तुम्ही बघून या, मी इथेच बसतो. आणि तू फोटो काढून आणून त्याला दाखवशील. मग तो आलाच कशाला?

हे मी पाहिलेलं आहे. चार वर्षांपूर्वी एका सहलीत युरोपला गेलो होतो, तेव्हा बसमध्ये दोन-तीन आजी-आजोबा होते. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, साडेसहाला नाश्ता, सातला बस. चौथ्या दिवसापासून त्यांतले एक आजोबा प्रत्येक थांब्यावर बसमध्येच बसून राहायला लागले. चालक दिवे बंद करून चहा प्यायला जायचा आणि अर्ध्या अंधारात ते एकटे खिडकीला डोकं टेकवून बसलेले असायचे. त्यांच्या मुलाने हौसेने आणलं होतं त्यांना. मुलगा वाईट नव्हता, कागद वाईट होता.

फ्रान्झ जोसेफवर मी काट मारली. तशीही ती हिमनदी आता इतकी मागे सरकली आहे की पायी जाऊन तिला हात लावता येत नाही. लांबूनच बघायची, नाहीतर हेलिकॉप्टरने वर उतरायचं. पश्चिम किनाऱ्यावरचे सगळेच मुक्काम गेले.

मी: बरं, मग तुझ्या हिशेबाने दिवसाला किती किलोमीटर?

आत्या: किलोमीटर मोजूच नकोस. थांबे मोज. आमच्याकडे लांबची फेरी आखताना आधी थांबे धरायचे, मग वेळ. तुझ्या बाबांना किती वेळाने उतरावं लागतं?

मी: ...दीड तास?

आत्या: सव्वा. प्रोस्टेटच्या गोळ्या चालू झाल्यापासून सव्वा तास. तो बोलत नाही. आणि तुझी आई?

मी: आईचं काय?

आत्या: प्रवासाच्या दिवशी सकाळी ती चहा किती घेते ते कधी बघितलंयस?

नव्हतं बघितलं. आत्याने सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर आलं. गावाला निघायचं असलं की आई ओट्यापाशी उभी राहून कपातला अर्धा चहा पिते आणि उरलेला बेसिनमध्ये ओतून कप विसळून टाकते. पाण्याची बाटली सगळ्यांसाठी भरते, स्वतः तोंड लावत नाही. मला वाटायचं, गडबड असते म्हणून. लहानपणापासून बघत आलोय आणि अर्थ कळायला एवढी वर्षं लागली. वाटेत सोय नसते, असली तरी आत पाय ठेवावासा वाटत नाही, म्हणून ती आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडते. तिच्या पिढीच्या बायकांनी आख्खे प्रवास असे तहानलेले केले आहेत.

आत्या: एसटीत मी हेच बघत आले. जेवणाच्या थांब्यावर गाडी वीस मिनिटं थांबायची. पुरुष उतरून जेवून, पान खाऊन परत यायचे, आणि बायका रांगेतच उभ्या. थांब्याची वेळ वाढवा म्हणून मी लिहून दिलं होतं वरती. झालं काही नाही. पण आपली गाडी आहे, वेळ आपल्या हातात आहे. पाणी न पिता विमानात पंधरा तास आणि मग गाडीत तीन तास काढले तर या वयात पायात गुठळी होऊ शकते, लघवीला जळजळ सुरू होते, चक्कर येते. आणि परक्या देशात डॉक्टर शोधायला लागतो.

मी: याबाबतीत न्यूझीलंड फार चांगलं आहे आत्या. जवळजवळ प्रत्येक लहान गावात सार्वजनिक स्वच्छतागृह असतं, फुकट आणि स्वच्छ. ख्राइस्टचर्चहून टेकापोला जाताना जेराल्डीन लागतं, मग फेअरली. दोन्हीकडे सोय आहे, चहा-कॉफी आहे.

आत्या: मग लिही. जेराल्डीन, पाऊण तास. फेअरली, अर्धा तास. तीन तासांचा रस्ता पाच तासांचा होईल. होऊ दे.

टेकापोला तिने चार रात्री दिल्या. मला त्या फार वाटल्या. एक तळं आणि काठावर १९३५ साली बांधलेलं दगडी चर्च, हे बघायला चार रात्री? पण जसजसं बोलत गेलो तसतशा त्या रात्री भरत गेल्या. तळ्याचं पाणी निळसर दुधी असतं. वरच्या हिमनद्या डोंगराचा दगड दळत खाली येतात, ते दगडाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की हा रंग दिसतो. नोव्हेंबरअखेरीस काठाने लुपिनची जांभळी-गुलाबी फुलं फुललेली असतात. आणि रात्रीचं आकाश. २०१२ पासून टेकापो आणि माउंट कूकचा सगळा परिसर काळोख राखलेल्या आकाशासाठी जगभर नावाजलेला आहे, गावातले दिवेही खाली तोंड केलेले असतात.

मी: पण तारे बघायचे म्हणजे रात्री ११ च्या पुढे. नोव्हेंबरात तिथे नऊपर्यंत सूर्य असतो. तुम्ही तिघं साडेनऊला झोपणारी माणसं. म्हणून मी ते गाळलं होतं.

आत्या: तिथे रात्रीचे ११ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन ना? मग पहिल्या आठवड्यात आमचे डोळे टक्क उघडे असणार! झोप येत नाही म्हणून तळमळण्यापेक्षा आकाश बघू. तूच म्हणालास, शरीराचं घड्याळ मागे राहतं. मग राहू दे की दोन-चार दिवस.

हे मला सुचलंच नव्हतं. मी जेट लॅगला आजार धरून चाललो होतो. आत्याने त्याच्यात तारे बघायची वेळ शोधली. मृग नक्षत्र तिथे उलटं दिसतं. आपल्याकडून कधी नीट न दिसणारे मॅजेलनचे दोन मेघ नुसत्या डोळ्यांनी डोक्यावर दिसतात. शाल पांघरून, खोलीच्या दाराबाहेर खुर्च्या टाकूनही हे होण्यासारखं आहे.

त्यावरून खोल्यांचा विषय निघाला. न्यूझीलंडमधली मोटेल्स आपल्या लोकांना फार सोयीची. बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर खोली, दारासमोर गाडी, आत लहानसं स्वयंपाकघर. खोलीची किल्ली देताना चहासाठी दुधाची लहान बाटली हातात ठेवायची पद्धत अजून कितीतरी ठिकाणी आहे. मात्र जुन्या मोटेलांत आंघोळीचा शॉवर टबाच्या वर असतो, म्हणजे गुडघाभर उंचीचा काठ ओलांडून ओल्या, गुळगुळीत टबात उभं राहायचं. आत्याने इथे मला फार वेळ थांबवलं. बदललेला गुडघा त्या काठावरून कसा उचलायचा, आंघोळ झाल्यावर एका पायावर तोल धरून बाहेर कसं यायचं, हे तिने खुर्चीला धरून करून दाखवलं. घरातली माणसं प्रवासात पडतात ती डोंगरावर नाही, न्हाणीघरात. खोली घेतानाच जमिनीलगतचा शॉवर आणि भिंतीला धरायला दांडी आहे का, हे लिहून विचारायचं ठरलं. गाडीचंही तसंच. मला उंच, ऐटबाज गाडी हवी होती. आत्या म्हणाली, पायरी किती उंच आहे ते बघ. बाबा सीटवर आधी बसून मग पाय आत घेतील अशी गाडी घे.

इथपर्यंत मी तिचं सगळं ऐकत आलो होतो. मग माझ्या हातून एक चूक झाली. मला वाटलं, आता कळलं हिला काय हवंय.

मी: मग आपण मिलफर्डही सोडून देऊ. क्वीन्सटाउनहून जायला चार तास, यायला चार. लोक एका दिवसात करतात, पण ती बारा-तेरा तासांची रपेट होते. तुम्हाला नाही झेपणार. त्यापेक्षा तळ्याकाठी आराम करा.

आत्या: कुणी सांगितलं झेपणार नाही म्हणून?

मी: अगं, तूच तर म्हणतेयस...

आत्या: मी म्हणतेय सावकाश. जाऊ नका असं कधी म्हटलं? मघाशी तू आम्हाला नऊ गावांतून पळवत होतास, आता खुर्चीत बसवून ठेवतोयस. दोन्हीकडे ठरवणारा तूच. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या लांबलांबच्या गावांना पाठवल्या, स्वतः आगारात बसले. मला मिलफर्डच्या वाटेवरचा तो बोगदा बघायचाय, ते धबधबे बघायचेत. ‘म्हातारी माणसं’ म्हणून एक रकाना करून आम्हाला त्यात घालू नकोस. दादाचा सव्वा तास वेगळा, माझा गुडघा वेगळा, वहिनीला गाडी लागते ते वेगळं. एकेकाचं विचार.

तिचा आवाज चढला होता. गॅलरीत बसलेल्या बाबांनी वळून पाहिलं.

मी नकाशा परत उघडला. क्वीन्सटाउनहून ते-आनाऊ १७० किलोमीटर, आणि तिथून मिलफर्ड सुमारे १२०. ते-आनाऊला तीन रात्री राहिलं तर मिलफर्डचा दिवस निम्म्यावर येतो. आणि तीनपैकी एखादा दिवस हवा बघून निवडता येतो. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा. पाऊस पडत असला की उभ्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, म्हणजे पावसातही दिवस वाया जात नाही.

आत्या: आणि त्या दिवशी तू गाडी चालवायची नाहीस.

मी: मग?

आत्या: ते-आनाऊहून बस जात असेल ना?

मी: जाते. बस आणि बोटीची फेरी असं एकत्र तिकीटही मिळतं.

आत्या: तेच घे. वळणांचा रस्ता, बोगदा, वाटेत फोनला रेंज नाही असं तूच सांगितलंस. रोज त्या रस्त्यावर जाणारा चालक असू दे. वहिनीला पुढची जागा मागून घेऊ. आणि तू खिडकीपाशी बस माझ्या शेजारी. बारा दिवस नुसता रस्ताच बघणार आहेस का?

एकटा चालक असलेल्या घरांनी हे जरूर करावं असं मला वाटतं. चालवणाऱ्याच्या वाट्याला डोंगर येतच नाहीत. त्याच्या वाट्याला येतात एकपदरी पूल. दक्षिण बेटावर ते ठिकठिकाणी आहेत. पुलाच्या अलीकडच्या पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल असला तर आपण थांबायचं आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मागे गाड्या साचल्या तर डावीकडे जागा बघून त्यांना वाट द्यायची. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० ची मर्यादा आहे, पण तेवढं चालवलंच पाहिजे असं नाही.

वानाकाही गेलं. तिथून क्वीन्सटाउनला जाणारा जवळचा रस्ता क्राउन रेंजवरून, १,०७६ मीटर उंचीवरून, नागमोडी वळणांनी उतरतो. आईला आंबेनळी घाटातही गाडी लागते. टेकापोहून ट्वायझेल, लिंडिस खिंड, क्रॉमवेल असं थेट क्वीन्सटाउनला जायचं ठरलं. क्रॉमवेल फळबागांचं गाव आहे, तिथे जेवणाचा थांबा.

एका बाबतीत मात्र मी हटलो नाही, ते इथे सांगतो. विमानतळावरच्या चाकाच्या खुर्चीबद्दल.

आत्या: दादाला चाकाच्या खुर्चीत बसवणार? तो नाही बसायचा. मीही नाही. एकेकाचं विचार म्हणाले ना मी? विचारशील तर हेच उत्तर मिळेल. चालता येतंय आम्हाला.

मी: चालता येतंय म्हणूनच. तिकीट काढतानाच सांगून ठेवलं तर ती फुकट मिळते. मुंबईला आत शिरल्यापासून विमानाच्या दारापर्यंत किती चालावं लागतं, इमिग्रेशनच्या रांगेत किती उभं राहावं लागतं, ते तू पाहिलेलं नाहीस. सिंगापूरला पुन्हा तेच. तुझ्या गुडघ्यात दिवसाला समज दोन किलोमीटर आहेत. ते तू कुठे खर्च करणार? विमानतळाच्या फरशीवर, की टेकापोच्या काठावर?

आत्या: लोक बघतात रे.

मी: बघू देत. तिथे आपल्याला कोण ओळखतं? बाबांना मी तुझ्यासमोर विचारीन. ते नाही म्हणाले तर नाही. पण तू तरी आधीच नाही म्हणू नकोस.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने कागदाच्या कोपऱ्यात ‘खुर्ची – ३’ असं लिहिलं. तीनही जणांसाठी.

औषधांची जबाबदारी माझ्यावर आली. गोळ्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या औषधवाल्याला कळत नाहीत. साडेसात तासांच्या फरकाने बीपीची गोळी कधी घ्यायची, ते डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्यायचं. न्यूझीलंडमध्ये अपघाताने दुखापत झाली तर पाहुण्यांनाही तिथल्या सरकारी योजनेतून उपचारांची मदत मिळते, पण छातीत दुखलं, ताप आला तर ते त्यात बसत नाही. म्हणून प्रवासविमा हवाच, आणि त्यात बाबांचं बीपी, साखर, सगळं जसंच्या तसं सांगायचं. जुना आजार लपवला तर ऐन वेळी विमा उपयोगाचा राहत नाही.

आणि खाऊ. आईची यादी तयारच होती. भाजणी, मेतकूट, लोणचं, लाडू. न्यूझीलंडला शेतीवर बाहेरचा रोग-कीड येण्याची फार धास्ती आहे, त्यामुळे उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. मध आणि ताजी फळं चालतच नाहीत. बाकीचं अधिकारी बघून ठरवतात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, पण न सांगता सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड. आईला सांगितलं, जे नेशील ते एका पिशवीत, वर नाव लिहून.

साडेदहा वाजत आले होते. नव्या कागदावर चारच गावं उरली होती. ख्राइस्टचर्च दोन रात्री, टेकापो चार, क्वीन्सटाउन दोन, ते-आनाऊ तीन आणि परतीच्या आदल्या रात्री पुन्हा क्वीन्सटाउन. तिथूनच विमान, म्हणजे गाडी तिथेच सोडायची आणि आलेला रस्ता परत तुडवायचा नाही.

आत्या: आमच्याकडे मुक्कामी गाडी असायची बघ. संध्याकाळी शेवटच्या गावात जायची, चालक-वाहक तिथेच झोपायचे आणि पहाटे गावकऱ्यांना घेऊन निघायची. त्या चालकांना त्या गावातलं सगळं माहीत असायचं. कुणाचं लग्न, कुणाची विहीर आटली. दिवसाच्या जलद गाडीचा चालक दहा वर्षं त्याच रस्त्यावर असला तरी त्याला गावांची नुसती नावं ठाऊक. आपली गाडी मुक्कामी कर.

मग तिने बाबांना हाक मारली.

आत्या: दादा, इकडे ये. हा मुलगा इतका वेळ मलाच विचारतोय. तुला काय बघायचंय ते सांग याला.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. माझं लहानपण धरणाच्या वसाहतीत गेलं, एकसारख्या पत्र्याच्या घरांच्या रांगांत. ते येऊन बसले, नकाशा स्वतःकडे ओढला, आणि मला वाटलं होतं तसं माउंट कूकवर बोट न ठेवता टेकापोवरून खाली आले.

‘हा कालवा आहे ना?’ त्यांनी विचारलं. ‘हे तळं वर, हे खाली. मध्ये वीजघर असणार.’

होता. टेकापोचं पाणी सुमारे २६ किलोमीटरच्या उघड्या कालव्यातून पुकाकी तळ्याकडे नेलेलं आहे. वाटेतलं ट्वायझेल हे गाव १९६८ मध्ये त्या वीजप्रकल्पाच्या कामगारांसाठीच वसवलं गेलं. काम संपल्यावर ते उठवायचं ठरलं होतं, पण तिथल्या माणसांनी धरून ठेवलं आणि गाव राहिलं. मी हे वाचलं होतं. माझ्या पहिल्या कागदावर ट्वायझेलपुढे ‘पेट्रोल, १० मिनिटं’ एवढंच लिहिलेलं होतं.

बाबा बराच वेळ त्या नावावर बोट ठेवून बसले. ‘आपली वसाहत उठली,’ ते म्हणाले. ‘यांची राहिली. कशी राहिली ते बघायला आवडेल मला.’

मी १० मिनिटं खोडली. किती लिहायचं ते विचारलं, तर ते म्हणाले, काही लिहू नकोस.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. इतका वेळ ती ऐकत होती. तिने कागदावरची नावं एकेक करून वाचली, जेराल्डीन, फेअरली, आणि प्रत्येक नावापुढे आत्याने काढलेली खूण काय आहे ते विचारलं. आत्याने सांगितलं.

‘स्वच्छ असतात ना?’ आईने मला विचारलं.

‘असतात, आई.’

‘कुलूप नसतं ना लावलेलं?’

‘नाही.’

तिने कागद टेबलावर सरळ करून ठेवला. ‘मग मी चहा पुरा घेऊन निघेन,’ ती म्हणाली.